खोबण त्यांची, खिसा आपला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचा नियमित आधार थांबवला. तंत्रज्ञानाच्या पानावरची बातमी म्हणून बहुतेकांनी ती वाचली आणि विसरली. वास्तविक ती घरखर्चाच्या वहीत लिहून ठेवावी अशी बातमी होती. त्या दिवसापासून देशभरातील असंख्य घरांमधले उत्तम चालणारे संगणक सुरक्षेच्या दृष्टीने अनाथ झाले. त्यांचे पंखे फिरत होते, पडदे उजळत होते, मुलांचा अभ्यास आणि वडिलांचे हिशेब त्यांवर बिनतक्रार चालू होते. यंत्राचे आयुष्य संपले नव्हते. ते संपल्याचे सात समुद्रापलीकडून जाहीर झाले होते. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची जादा मुदत देऊ केली गेली, पण फाशी पुढे ढकलली म्हणजे सुटका झाली असे कोणी म्हणत नाही.

या प्रश्नाकडे दिल्लीच्या किंवा बंगळूरूच्या वातानुकूलित सभागृहातून न पाहता बदलापूरच्या शिरगावातून पाहावे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे आलेली, घराचा हप्ता भरून पहाटेची लोकल पकडणारी कुटुंबे या परिसरात राहतात. अंबरनाथ आणि उल्हासनगरची कथा वेगळी नाही. अशा घरात संगणक येतो तो चैनीसाठी नव्हे. कोणाच्या पदविकेसाठी, कोणाच्या एमएस-सीआयटीच्या सरावासाठी, कोणाच्या घरबसल्या जमाखर्चाच्या कामासाठी तो येतो. बोनसचे पैसे जोडून, लॅमिंग्टन रोडपर्यंत जाऊन, दहा दुकाने पालथी घालून तो घेतला जातो. आणि दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "पुढे अपग्रेड होईल ना?" दुकानदार मान डोलावतो. त्या मान डोलावण्याचा मालक मात्र दुकानदार नसतो.

दोन शेजारी, दोन नशिबे

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो मदरबोर्डवरच्या एका खोबणीत बसतो. तिला सॉकेट म्हणतात. खोबण तीच राहिली तर पाच वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून जुना संगणक नव्या दमाचा करता येतो. खोबण बदलली की मदरबोर्ड बदलावा लागतो, बहुधा त्यामागोमाग रॅमही, आणि मग 'अपग्रेड' हा शब्द नव्या खरेदीचे गोंडस नाव ठरतो.

समजा, २०१७ च्या उन्हाळ्यात शिरगावातील एकाच इमारतीत दोन कुटुंबांनी संगणक घेतले. पहिल्याने इंटेल कंपनीचा सातव्या पिढीचा प्रोसेसर घेतला. त्याची खोबण ११५१ संपर्कबिंदूंची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने आठवी पिढी आणली. खोबण तीच, बिंदूंची संख्या तीच, आकारही तोच. तरीही नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर चालणार नाही, असे कंपनीने ठरवले. वीजपुरवठ्याची रचना बदलली असल्याचे कारण दिले गेले. परंतु जगभरच्या काही खटपट्या हौशी मंडळींनी थोडे फेरफार करून तेच प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर चालवून दाखवले. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये 'विंडोज ११' आली आणि मोजके अपवाद वगळता सातव्या पिढीपर्यंतचे इंटेल प्रोसेसर तिच्या मान्य यादीतून वगळले गेले. पहिल्या कुटुंबाच्या खोबणीत बसू शकेल असा एकही प्रोसेसर त्या यादीत उरला नाही असेच म्हणावे लागेल. म्हणजे संगणकाचे काळीजच काढून नवे घालणे आले.

दुसऱ्या कुटुंबाने एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचा पहिल्या पिढीचा रायझेन प्रोसेसर घेतला होता. तोही त्या यादीतून वगळला गेला. मात्र त्याची 'एएम४' नावाची खोबण कंपनीने टिकवून धरली होती. २०२२ साली एएमडीने २०१७ च्या मदरबोर्डनाही पाचव्या मालिकेच्या रायझेन प्रोसेसरसाठी आधार खुला केला. मदरबोर्ड तयार करणाऱ्या कंपनीने अद्ययावत बायोस दिले असेल तर या कुटुंबाला एवढी एकच वस्तू बदलून पुढची काही वर्षे निर्धास्त काढता आली. एकाच मजल्यावरची दोन घरे, एकाच वर्षीची खरेदी. एकाचे यंत्र भंगाराच्या वाटेवर, दुसऱ्याचे पुन्हा कामावर. हा फरक कोणा कुटुंबाच्या शहाणपणाचा नव्हता. परदेशातील दोन संचालक मंडळांनी आपापल्या सोयीने घेतलेल्या निर्णयांचा तो फरक होता.

स्पर्धा असते तेव्हाच ग्राहक राजा

ही खोबणींची लढाई जुनी आहे. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला, तेव्हा प्रोसेसरसाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचे नाही, असा त्या कंपनीचा आग्रह होता. त्या आग्रहापोटी इंटेलला १९८२ मध्ये एएमडीशी करार करून दुसरा पुरवठादार मान्य करावा लागला. पुढे '३८६' या प्रोसेसरच्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला, प्रकरण लवादाकडे आणि न्यायालयात गेले, आणि एएमडीने १९९१ साली आपला '३८६' बाजारात आणलाच. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की मोठा ग्राहक जेव्हा अट घालतो, तेव्हाच दुसरा दरवाजा उघडतो.

नव्वदच्या दशकात 'सॉकेट ७' नावाची खोबण होती. तीत इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के-६ बसे, सायरिक्सचाही प्रोसेसर बसे. ग्राहकाने मदरबोर्ड एकदा घ्यावा आणि प्रोसेसर मनाजोगता निवडावा, अशी ती सोय होती. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम-२ साठी 'स्लॉट १' ही स्वतःच्या स्वामित्वहक्काने बंदिस्त केलेली रचना आणली आणि तो सामायिक दरवाजा लावून घेतला. एएमडीला १९९९ मध्ये स्वतःची वेगळी रचना उभी करावी लागली. तेव्हापासून मदरबोर्ड घेणे म्हणजे एका घराण्याशी सोयरीक जोडणे झाले.

तरीही स्पर्धा जिवंत होती तोवर ग्राहकाचे भले होत राहिले. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने ६ तारखेला गाठला आणि इंटेलने ८ तारखेला. पुढे स्पर्धा मंदावली. २०११ पासून एएमडीचे प्रोसेसर मागे पडले आणि इंटेलने सर्वसाधारण डेस्कटॉपला सुमारे सहा वर्षे चार गाभ्यांवर खिळवून ठेवले. मार्च २०१७ मध्ये आठ गाभ्यांचा रायझेन आला आणि त्याच वर्षी इंटेलला सहा गाभे सुचले, पुढच्या वर्षी आठ. सहा वर्षे जे होत नव्हते ते सहा-सात महिन्यांत झाले. विज्ञानाला एकाएकी साक्षात्कार झाला नव्हता. दुकानाशेजारी दुसरे दुकान उघडले होते.

यावरून एएमडीची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. हीच कंपनी २००५ च्या सुमारास आघाडीवर होती तेव्हा तिच्या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरचे भाव सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. २००६ मध्ये इंटेलचा कोअर-२ आला तेव्हा ते उतरले. २००४ ची तिची '९३९' ही खोबण दोन वर्षांत मागे पडली. मे २०२० मध्ये तिने नवे प्रोसेसर आधीच्या मालिकेतील मदरबोर्डवर चालणार नाहीत असे घोषित केले. ग्राहकांनी जगभर गदारोळ केल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवला. गरजवंत असताना उदार आणि बलवंत झाल्यावर कृपण, हा व्यापाराचा स्वभावच आहे. म्हणून एका कंपनीला सज्जन आणि दुसरीला दुर्जन ठरवण्याचा खेळ निरर्थक आहे. ग्राहकाला तारते ती कंपनीची नीती नव्हे, तिच्या मागे लागलेला प्रतिस्पर्धी आणि तिच्यासमोर संघटितपणे उभा असलेला ग्राहक.

न्यायालये या कामी किती उपयोगी पडतात? प्रतिस्पर्ध्याचा माल वापरू नये म्हणून संगणक कंपन्यांना सवलतींचे आमिष दाखवल्याच्या आरोपावरून एएमडीने २००५ साली इंटेलवर दावा लावला. २००९ मध्ये इंटेलने सव्वा अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तो २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही रद्दच राहिला. भारतात २०१६ साली इंटेलने वॉरंटीसाठी केवळ या देशापुरता वेगळा नियम केला. परदेशातील अधिकृत विक्रेत्याकडून आणलेल्या प्रोसेसरला येथे वॉरंटी नाकारली गेली. एका भारतीय व्यापारी कंपनीच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २०१९ साली चौकशीचे आदेश दिले. कायदा आवश्यक आहे, पण एका खटल्याच्या काळात प्रोसेसरच्या पाच-पाच पिढ्या येऊन जातात. तोवर शिरगावच्या ग्राहकाने काय करावे?

पुण्याने शिकवलेला धडा

"हा सारा परकीयांचा झगडा आहे, आपला काय संबंध?" असे विचारणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हवामान अंदाजासाठी एक क्रे महासंगणक कडक अटींवर दिला. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला अधिक शक्तीचा संगणक दिला नाही. त्या अपमानातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला. तेव्हा केंद्रात आपल्या विचारांचे सरकार नव्हते. तरी या कार्याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे असे ते कार्य होते. पुढे विज्ञान भारतीचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या भटकरांचा अभिमान मराठी माणसाने बाळगावा तितका थोडाच.

पण या यशोगाथेचे एक पान आपण वाचत नाही. परमची रचना, जोडणी आणि आज्ञावली भारतीय होती. त्यातील प्रोसेसर मात्र इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. ब्रिटिश सरकारने उभारलेली ती कंपनी १९८४ मध्ये विकली गेली आणि १९८९ मध्ये पुन्हा दुसऱ्याच मालकाकडे गेली. तिचा पुढच्या पिढीचा प्रोसेसर वर्षानुवर्षे रखडला. पुण्याच्या शास्त्रज्ञांपुढे अपग्रेडचा मार्गच उरला नाही. परिणामी पुढच्या परममध्ये इंटेलचे, मग सन कंपनीचे प्रोसेसर बसवावे लागले. १९९८ चा 'परम १००००' सनच्याच प्रोसेसरवर उभा होता. परम थांबला नाही, हे आपल्या शास्त्रज्ञांचे कर्तृत्व. दर वेळी परक्या मेंदूसाठी घराची फेरमांडणी करावी लागली, ही आपली विवशता. शिरगावच्या घरातील प्रश्न आणि पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेतील प्रश्न एकच होता. खोबण आपली नव्हती.

बाजाराचे पुजारी आणि लेबलांचे व्यापारी

येथे दोन प्रकारच्या विद्वानांशी आपला वाद आहे. पहिले बाजाराचे पुजारी. ते म्हणतात, स्वस्तात मिळते ते आयात करावे, राष्ट्राने प्रोसेसर करण्याच्या भानगडीत पडू नये. याच तत्त्वज्ञानाला अनुसरून १९९७ साली संयुक्त आघाडीच्या राजवटीत भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व सुट्या भागांवरील आयातशुल्क शून्यावर आले. संगणक स्वस्त झाले हे मान्य. परंतु झेनिथ, विप्रो, एचसीएल ही एके काळी घरोघरी परिचित असलेली देशी संगणकांची नावे पुढच्या काळात डेस्कटॉपच्या बाजारातून एकामागून एक दिसेनाशी झाली. त्यानंतर आलेल्या कोणत्याही सरकारने, आपल्या सरकारांसह, ते वेळीच रोखले नाही.

आणि खुल्या बाजाराचे हे धडे देणाऱ्या अमेरिकेने स्वतः काय केले? इंटेल डबघाईला येऊ लागताच ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिचा सुमारे दहा टक्के हिस्सा विकत घेतला. भारताने असे केले असते तर 'लायसन्स राज परतले' म्हणून अग्रलेख लिहिले गेले असते. दुसरा धडा रशियाचा. मार्च २०२२ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी रशियाला होणारा पुरवठा थांबवला. त्या युद्धाविषयी कोणाचे काहीही मत असो. एका राष्ट्राच्या कचेऱ्या, बँका आणि प्रयोगशाळा यांचा पुरवठा परदेशी कंपन्या चार दिवसांत तोडू शकतात, हे जगाने पाहिले. दोनच कंपन्यांच्या स्पर्धेवर विसंबलेल्याला त्या दोघी एकाच राजधानीचे ऐकतात तेव्हा स्पर्धा वाचवू शकत नाही.

दुसरे विद्वान आपल्याच गोटातले आहेत, म्हणून त्यांच्याशी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. परदेशी प्रोसेसर, परदेशी मदरबोर्ड, परदेशी प्रणाली, आणि वर तिरंगी पट्टी चिकटवून 'स्वदेशी संगणक' म्हणणारे हे लेबलांचे व्यापारी. लोकमान्यांच्या काळी पैसाफंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तेव्हा परदेशी बरणीवर देशी कागद चिकटवला नव्हता; भट्टी पेटवून काच केली होती. स्वदेशी म्हणजे घोषणा नव्हे, भट्टी.

त्या भट्टीत आज ठिणगी निश्चित आहे. मद्रासच्या आयआयटीत डॉ. कामकोटी यांच्या चमूने 'शक्ती' प्रोसेसर घडवला, सी-डॅकने 'वेगा' मालिका उभी केली. २०२२ मध्ये केंद्राने 'डीर-व्ही' हा कार्यक्रम हाती घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये मोहालीच्या प्रयोगशाळेत तयार झालेला 'विक्रम ३२०१' हा प्रोसेसर पंतप्रधानांना सादर झाला. तो अग्निबाणांसाठी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकचा 'ध्रुव ६४' जाहीर झाला. त्याची गती एक गिगाहर्ट्झ. गती हे एकमेव माप नव्हे, तरी हा टप्पा डेस्कटॉपने मार्च २००० मध्ये ओलांडला होता, हे भाषणांच्या उत्साहात विसरू नये. अंतर मोठे आहे. ते झाकणे हा देशाभिमान नव्हे. ते मोजून चालू लागणे हा देशाभिमान.

मात्र या वेळी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. इंटेल-एएमडीचा आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणारी भाषा, त्यांच्या स्वामित्वाची आहे. शक्ती, वेगा आणि ध्रुव ज्या 'रिस्क-व्ही' या आज्ञासंचावर उभे आहेत तो मुक्त आहे. पाणिनीच्या व्याकरणावर जसे कोणी स्वामित्वशुल्क मागत नाही, तसे त्यावर कोणी मागू शकत नाही. एक कंपनी बुडाली किंवा रुसली तरी दुसऱ्याला त्याच भाषेत प्रोसेसर घडवता येतो. परमला इन्मॉसने जसे अर्ध्या वाटेवर सोडले, तसे येथे घडणे अवघड आहे.

काय केले पाहिजे

पहिली अपेक्षा सरकारकडून. आयबीएमच्या एका अटीने इंटेलला दुसरा पुरवठादार मान्य करावा लागला. भारत सरकार, राज्ये, बँका, विद्यापीठे मिळून आयबीएमपेक्षा लहान ग्राहक आहेत काय? सरकारी खरेदीच्या निविदेत एवढेच लिहावे, की मदरबोर्डवर किमान पुढच्या दोन पिढ्यांचे प्रोसेसर चालतील याची लेखी हमी हवी, आणि प्रणालीच्या सुरक्षेचा आधार किती वर्षे मिळेल ते आधी जाहीर झाले पाहिजे. जी सवलत सरकारला मिळेल ती शिरगावच्या दुकानापर्यंत आपोआप झिरपेल. त्याबरोबरच शाळा, टपाल कचेऱ्या, तलाठी कार्यालये येथील साध्या कामांसाठी भारतीय प्रोसेसरच्या यंत्रांची निश्चित मागणी नोंदवावी. प्रयोगशाळेतल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळाले नाही तर ती प्रदर्शनातच राहते.

दुसरी अपेक्षा ग्राहक चळवळीकडून. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे रोप लावले, तेव्हा प्रश्न साखर-तेलाच्या वजनमापाचा होता. आज मापात मारण्याची रीत बदलली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या हक्कात 'उन्नयनाचा हक्क' समाविष्ट व्हावा, ही मागणी पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी लावून धरावी. २०२० मध्ये विस्कळीत ग्राहकांच्या ओरडण्याने एएमडी नमली. संघटित ग्राहकांपुढे कोण टिकेल?

तिसरी अपेक्षा आपल्या प्रत्येकाकडून. डेस्कटॉप घेताना दुकानदाराची मान पाहू नये, तीन उत्तरे मागावीत. या खोबणीत पुढची कोणती पिढी चालेल, कंपनीने तसे लेखी कुठे सांगितले आहे, आणि वॉरंटी भारतात कोण देणार? उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. 'जुना' ठरलेला संगणक भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी त्यावर मुक्त प्रणाली घालून पाहावी. सी-डॅकनेच 'बॉस' नावाची अशी प्रणाली विकसित केली आहे. केरळातील सरकारी शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षांपूर्वी रुजली. ती रुजवणाऱ्या डाव्यांशी आपले वैचारिक भांडण जगजाहीर आहे, परंतु शहाणपण जेथे दिसेल तेथून उचलावे. आपल्या शाखांमध्ये, मित्रमंडळांमध्ये संगणक अभियंत्यांची वाण नाही. त्यांनी रविवारचे दोन तास दिले, वस्तीतील टाकून दिलेले डेस्कटॉप गोळा केले आणि ते दुरुस्त करून अभ्यासिकेत मांडले, तर महागडी शिकवणी न परवडणाऱ्या मुलांना यंत्र मिळेल आणि विषारी कचरा उल्हास नदीच्या काठी जाणार नाही.

परदेशी प्रोसेसरवर बहिष्काराची हाक येथे दिलेली नाही, कारण पर्याय हाती नसताना दिलेली ती हाक पोकळ ठरेल. आज आपल्याला त्यांचा प्रोसेसर घ्यावाच लागेल. पण तो डोळे उघडे ठेवून, अट घालून घ्यावा, आणि त्याच वेळी आपली भट्टी विझू देऊ नये. स्पर्धा दोघांत आहे तोवर ग्राहकाला सवलत मिळेल. त्या स्पर्धेत भारत तिसरा म्हणून उतरेल तेव्हा त्याला स्वातंत्र्य मिळेल.